वीस तेत्री

अर्जात मी ‘सेवा’ हा शब्द तीनदा लिहिला होता.
मनानानं तो कागद वाचलाच नाही,
टेबलावर पसरला
आणि त्यावर बिटांची सालं काढायला लावली.

कुताइसी. मेडिकलचं पहिलं वर्ष.
शवविच्छेदनाच्या तासावरून सुटले की थेट
चर्चमागच्या तळघरात:
दोन शेगड्या, एक नळ, ऐंशी डबे,
आणि माझ्या इंग्रजीची कुणालाच गरज नाही.
पंधरा दिवस मी हातवाऱ्यांवर काढले.
संध्याकाळी मिनीबसमध्ये एक बाई
माझी लाल बोटं बघून सरकून बसली.

तिसऱ्या गुरुवारी डबे पोचवायला मिळाले.
यादीत शेवटचं नाव नाझिब्रोला, नववा मजला.
इथल्या जुन्या इमारतींत लिफ्टलाही भूक लागते,
वीस तेत्रीचं नाणं गिळल्याशिवाय ती हलत नाही,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
किंवा सांगितलंही असेल, त्यांच्या भाषेत.
मी जिने चढले.
सातव्या मजल्यावर अर्धं बोर्श माझ्या बुटात.

दार उघडलं.
वाटेत घोकलेलं वाक्य,
‘हे जेवण तुमच्यासाठी आहे,’
मी नेमकं उलटं बोलले असणार,
कारण तिनं मला मनगट धरून आत ओढलं,
उरलेलं बोर्श गरम केलं
आणि माझ्याच पुढ्यात ठेवलं.
नियम क्रमांक चार: लाभार्थींच्या घरी काही खाऊ नये.
मी खाल्लं.
वर पाव, आक्रोडाची चटणी,
आणि स्टोव्हजवळ वाळत ठेवलेले माझे मोजे.

तिनं अडतीस वर्षं भूमिती शिकवली होती.
ताटलीतल्या पिठावर अक्षरं काढून दाखवायची.
‘आयुष्यभर कोन शिकवले,
आणि आमच्या लिपीत बघ, एक कोन नाही.’
हे कळायला मला डिसेंबर उजाडला.

आई म्हणजे देदा. बाप म्हणजे मामा.
यावर मी इतकी हसले की तिनं पाणी आणून दिलं.
मोडकंतोडकं समजावलं: आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ,
आणि चंद्रसुद्धा मामाच.
ती खिडकीशी गेली, वर बघून आली.
‘म्हणजे तो तुमचा बाप?’

शनिवारी त्स्काल्तुबो.
बंद पडलेल्या आरोग्यधामात
समुद्राकाठची घरं सुटलेली कुटुंबं,
त्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवायचं.
पहिल्या शनिवारी नऊ जण आले.
दुसऱ्या शनिवारी लाशा आणि त्याचा कुत्रा.
तिसऱ्या शनिवारी फक्त कुत्रा.
अहवालात मी लिहिलं, उपस्थिती: एक.

निघताना नाझिब्रोला म्हणते, गेनात्स्वाले.
मनानाला अर्थ विचारला.
तिनं चाकू खाली ठेवला,
माझ्याभोवती हात फिरवून स्वतःच्या छातीवर आणला:
तुझ्या वाट्याचं माझ्यावर येऊ दे.
अगं, हे आहे आमच्याकडे.
फक्त आम्ही मीठमोहऱ्या घेतो,
आणि वास आला नाही तर म्हणतो, केवढी दृष्ट लागली होती!
शेवटचं मला सांगता आलं नाही. बिटं चिरत राहिले.

जानेवारीत बर्फ.
नाणं विसरले. हात डब्यांनी भरलेले,
अंगणातून हाक मारली.
नवव्या मजल्याच्या गॅलरीत डोकं दिसलं, गायब झालं,
आणि वरून एक मोजा आला,
तळाशी गाठ मारलेला.

पडला कुठे, कळेना.
पत्र्याखाली डॉमिनो खेळणारे चौघे उठले,
डाव तसाच टाकून.
कुणी काठीनं बर्फ उकरतोय, कुणी मोटारीखाली वाकलाय,
वरून ती दिशा सांगतेय, डावीकडे, नाही, काटकोनात,
आणि सगळ्यांत म्हातारा ओतारी
माझ्याकडचा डबा कोटाच्या आत धरून उभा,
गार होऊ नये म्हणून.

मोजा सापडला. गाठ सुटलेली, आत काही नाही.
ओतारीनं खिसे चाचपले,
तंबाखू, किल्ली, बटण,
मग एक नाणं.
डबा मात्र त्यानं परत दिला नाही.
लिफ्टचं दार कोपरानं अडवलं
आणि मला मानेनं खुणावलं: चल.